तलाठ्याला मारहाण, 353 आणि 333 खाली शिक्षा: अपिलात बोट नेमकं कुठे ठेवायचं?

(चर्चागटातला धागा: आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव, मग त्याचा मजकूर.)

जोडपत्र:
नमस्कार मंडळी. एका निकालपत्रावरून आरोपींतर्फे अपिलाची कारणं काढायची आहेत. नावं-गावं वगळून वस्तुस्थिती देतो.

नोव्हेंबर 2019, रात्री साडेअकराचा सुमार. वाळूची चोरटी वाहतूक होते म्हणून सज्जाचे तलाठी आणि कोतवाल नदीपात्राकडे गेले. ट्रॅक्टर-ट्रॉली अडवली, ट्रॉलीत अंदाजे एक ब्रास वाळू. ट्रॅक्टर तहसीलला घ्या म्हटल्यावर बाचाबाची झाली. आरोपी 1 ने लोखंडी गज मारला, तो तलाठ्याने डाव्या हातावर झेलला. आरोपी 2 ने कोतवालाला ढकललं, त्याला खरचटलं. आरोपी 3 स्टिअरिंगवर होता. वाळू तिथेच ओतून ट्रॅक्टर पळवला. फिर्याद दुसऱ्या दिवशी सकाळी 9.40 ला. त्यात 1 आणि 2 नावानिशी, तिसरा 'अनोळखी इसम'.

अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी भारतीय दंड संहितेच्या 307 (खुनाचा प्रयत्न), 379 (चोरी), 504 (चिथावणीसाठी अपमान), 506 (धमकी) मधून निर्दोष सोडलं. 34 (समान इरादा) सह 353 (लोकसेवकावर हल्ला) खाली 2 वर्षं, 332 (लोकसेवकाला दुखापत) खाली 3 वर्षं, 333 (लोकसेवकाला जबर दुखापत) खाली 5 वर्षं सश्रम व प्रत्येकी 10,000 रुपये दंड, 186 (लोकसेवकाच्या कामात अडथळा) खाली 1 महिना. सगळ्या शिक्षा एकत्र भोगायच्या. साक्षीदार: तलाठी, कोतवाल, दोन पंच (दोघेही फितूर), डॉक्टर, तपासी अंमलदार. तहसीलदारांना तपासलेलं नाही.

विचारायचं असं:
1) अपील कुठे, किती दिवसांत, आणि तोवर शिक्षा स्थगित कशी करून घ्यायची?
2) तलाठ्याला ट्रॅक्टर जप्त करण्याचा अधिकारच नव्हता, हा मुद्दा कितपत टिकेल?
3) 333 पाडता येईल का?

नक्कलशाखा:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकी जाणकार आहेतच.

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर न्यायाधीशांचं पदनाम वाचा. 'अतिरिक्त सत्र न्यायाधीश' असेल तर अपील थेट उच्च न्यायालयात: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 374(2), आता नागरिक सुरक्षा संहितेचं 415(2). पण जुन्या संहितेखालचे बरेच खटले 'सहायक सत्र न्यायाधीशां'पुढे चालले. त्यांची शिक्षा 7 वर्षांपर्यंत असेल तर अपील सत्र न्यायालयात जातं. आणि मुदतही बदलते: उच्च न्यायालयासाठी 60 दिवस, इतर न्यायालयासाठी 30. साठ दिवस आहेत म्हणून निवांत बसायचं आणि एकतिसाव्या दिवशी कळायचं की अपील जिल्ह्यातच होतं, मग विलंबमाफीचा अर्ज. हे टाळता येण्यासारखं आहे.

नकलेसाठी गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. मात्र वजावट अर्जाच्या तारखेपासून नक्कल तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच. नक्कल तयार असून आणायला आठ दिवसांनी गेलात तर ते आठ दिवस तुमचे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनाशुल्क मिळते, ती शिक्षेच्या दिवशीच घ्या. निशाण्यांच्या (पुराव्यात क्रमांक देऊन दाखल झालेल्या कागदांच्या) आणि साक्षींच्या नकलांचा अर्ज त्याच दिवशी वेगळा टाका. कारणं लिहायची ती निशाण्या बघून, नुसत्या निकालपत्रावरून नाही.

आरोपी तुरुंगात असून वकील नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं, विधी सेवा समितीकडून वकील मिळतो.

शिक्षा स्थगितीचं: खालचं न्यायालय स्वतः जामीन देऊन अपिलाला वेळ देतं ते शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी तोवर जामिनावर असेल तेव्हाच. इथे 5 वर्षं आहेत, म्हणजे आत जावंच लागलं असणार. उच्च न्यायालयात अपिलासोबतच 389(1), नवीन 430(1), चा अर्ज. त्यात चार गोष्टी ठळक हव्यात: खटल्याआधीचे आत काढलेले दिवस, खटला चालू असताना जामिनाचा गैरवापर नाही, दंड भरल्याची पावती, मागचे गुन्हे असतील तर त्यांची खरी स्थिती. शेवटची गोष्ट लपवू नका, सरकारी वकील पोलीस ठाण्यातून यादी मागवतातच. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीबाबत उदार दृष्टी ठेवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच म्हटलेलं आहे. शिक्षा 10 वर्षं किंवा जास्त असती तर सरकारला आधी लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागली असती, इथे ती अट नाही.

गुन्हा 2019 चा असल्याने कलमं भारतीय दंड संहितेचीच राहणार. पण अपील 1 जुलै 2024 नंतर दाखल होतंय, त्यामुळे शीर्षकात 415 लिहून सोबत '374(2) सह' असं लिहावं. फुकटचं ऑब्जेक्शन वाचतं. आणि जिल्हा कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी असेल तर 18 ऑगस्ट 2025 पासून दाखल करायचं ठिकाण उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे.

उलटतपास:
दुसरा प्रश्न सगळ्यांना मोहात पाडतो, म्हणून जरा सविस्तर.

जमीन महसूल संहितेच्या 48(7) आणि 48(8) प्रमाणे दंड आणि वाहन जप्तीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या, तहसीलदारापेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या महसूल अधिकाऱ्याला आहे. तलाठी त्यात बसत नाही. म्हणून बचाव म्हणतो: जप्तीच बेकायदा, मग कर्तव्य कसलं, मग 353 कसलं?

इतकं सरळ लिहिलंत तर पहिल्या सुनावणीतच मुद्दा बसेल. ट्रॅक्टर अडवणं, वाळू मोजणं, पंचनामा करणं, तहसीलदारांना अहवाल देणं ही तलाठ्याची रोजची कामं आहेत. जप्तीचा अधिकार नसला तरी तपासणीचं कर्तव्य उरतं. तेव्हा अधिकार नव्हता यावर न थांबता पुढचा प्रश्न उभा करा: त्या रात्री, त्या जागी, त्या कामावर तो होता हे दाखवणारा कोणता कागद अभिलेखावर आहे? हे बघा:

पथकाचा आदेश. अवैध वाळूविरोधी पथकं तहसीलदारांच्या लेखी आदेशाने नेमतात, त्यात नावं, तारखा, कधी पाळीची वेळही असते. तो आदेश निशाणी झालाय का, की नुसता दोषारोपपत्राला जोडलाय? जोडलेला कागद म्हणजे पुरावा नव्हे. तहसीलदारांना तपासलेलं नाही, म्हणजे आदेश तलाठ्याच्या तोंडूनच आला असेल, तर त्यावरची सही त्याने ओळखली का ते सरतपासात (सरकारी वकिलाने घेतलेल्या त्याच्या साक्षीत) शोधा.

तलाठ्याची रोजनिशी. त्या तारखेची नोंद आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला पाठवलेला अहवाल. अहवालात आरोपींची नावं नसतील आणि फिर्यादीत असतील, तर तुमचं अर्धं अपील तिथेच आहे.

आदेशात गाव कोणतं? घटना शेजारच्या सज्जात घडली असेल तर तो वेगळा मुद्दा होतो.

हे कागद नसतील आणि न्यायालयाला कर्तव्य सिद्ध झालं नाही असं वाटलं, तर आरोपी सुटतो असं नाही. 333 चं 325 (जबर दुखापत) होतं, 332 चं 323 (साधी दुखापत). तरी फरक मोठा आहे. 353, 332, 333 आपसात मिटवता येत नाहीत. 323 मिटतं, 325 न्यायालयाच्या परवानगीने मिटतं, अपिलाच्या टप्प्यावरही. म्हणून कर्तव्याचा मुद्दा पर्यायी कारण म्हणून लिहा, पण नीट लिहा.

186 सगळ्यात सोपं. त्या कलमाची दखल घ्यायला संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची न्यायालयाकडे लेखी तक्रार लागते, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 195. पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून 186 चालत नाही. अभिलेखात अशी तक्रार नसेल तर ती शिक्षा जाते. मात्र त्यामुळे 353 सुद्धा जातं असा युक्तिवाद करू नका. तो गुन्हा स्वतंत्र आहे, 195 त्याला लागत नाही.

आता 333. अस्थिभंग सिद्ध करणारा कागद कोणता? दुखापत प्रमाणपत्रात बहुतेक वेळा असं असतं: 'डाव्या अग्रबाहूवर सूज व वेदना, अस्थिभंगाचा संशय, क्ष-किरण तपासणीचा सल्ला.' इथवरचं ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितलं. पुढे क्ष-किरणाची प्लेट कुठे आहे? क्ष-किरण तज्ज्ञ तपासले का? ज्याने प्लास्टर घातलं तो डॉक्टर कोण? प्लेट मुद्देमालात नाही, अहवाल निशाणी नाही, आणि डॉक्टर 'अहवालावरून सांगतो' म्हणाले असतील, तर 320 (जबर दुखापतीची व्याख्या) मधलं अस्थिभंगाचं कलम डळमळतं. सरकार मग वीस दिवसांच्या कलमाकडे वळतं. नुसतं वीस दिवस दवाखान्यात होता किंवा रजेवर होता, एवढ्याने ते भागत नाही. वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना, किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं, हे सिद्ध व्हावं लागतं. (नवीन संहितेत ते पंधरा दिवस झालेत, इथे लागू नाही.)

आरोपी 3 चं अपील वेगळं दाखल करा. फिर्यादीत अनोळखी, रात्र, उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर येणारा. ओळख परेड झाली का? झाली असेल तर घेतली कोणी? कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नायब तहसीलदार परेड घेतात, आणि जखमी तलाठी त्यांच्याच कार्यालयाचा. यामुळे परेड आपोआप बाद होत नाही, पण उलटतपासात विचारलं गेलं असेल तर वजन नक्की घटतं. परेडच नसेल, तर काही वर्षांनी थेट न्यायालयात बोट दाखवलं याला फारसा आधार उरत नाही. शिवाय 34 साठी स्टिअरिंगवर बसण्यापलीकडे काय केलं, याचं उत्तर निकालपत्रात शोधा. बहुधा एका वाक्यात उरकलेलं असेल.

सरकारतर्फे:
वरचं चांगलं आहे, पण समोरून काय येईल ते आधीच जाणून घ्या.

353 ची भाषा शब्दशः वाचा. तीन फाटे आहेत: कर्तव्य बजावत असताना, कर्तव्यापासून परावृत्त करण्याच्या इराद्याने, किंवा कर्तव्य कायदेशीरपणे बजावताना केलेल्या कृत्यामुळे. 'कायदेशीरपणे' हा शब्द फक्त तिसऱ्या फाट्यात आहे. 332 आणि 333 ची रचनाही तशीच. सरकार पहिल्या दोन फाट्यांवर उभं राहतं. त्यात 99 वं कलम: पदाच्या नात्याने सद्भावनेने केलेलं कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं, तरी त्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. अपवाद फक्त मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हा. इथे गज आरोपीच्या हातात होता, तलाठ्याच्या नव्हे.

पंच फितूर झाले म्हणून पंचनामा मरत नाही, तपासी अंमलदार तो सिद्ध करू शकतो. बघायचं ते गजाच्या जप्तीचं: आरोपीचं निवेदन स्वतंत्रपणे नोंदवलं का, जागा उघड्यावरची होती का, लाखेचं सील लावलं का, आणि डॉक्टरांना तो गज दाखवून 'या हत्याराने अशी दुखापत होऊ शकते' असं विचारलं का. हे शेवटचं राहून जातं आणि अपिलात आठवतं.

फिर्याद सकाळी 9.40 ला, यावर दोन पानं खर्चू नका. रात्री दवाखाना, सकाळी ठाणं, हे स्पष्टीकरण न्यायालयं सहज मान्य करतात. जखमी साक्षीदाराच्या शब्दाला जादा वजन असतं, ते त्याच्या जबाबातल्या किरकोळ विसंगतींनी हलत नाही. विसंगती वापरायचीच तर ती नियमाने सिद्ध झाली का हे आधी तपासा. कोतवालाच्या पोलीस जबाबातला भाग 'अ' असा खूण करून त्याला दाखवला, त्याने नाकारला, आणि मग तपासी अंमलदाराकडून 'असं त्याने सांगितलं होतं' हे वदवून घेतलं, तरच तो पुरावा. तपासी अंमलदाराला विचारायचंच राहिलं असेल तर त्या विसंगतीचा अपिलात काडीचा उपयोग नाही.

जोडपत्र:
आभार. निशाण्या चाळल्या. पथकाचा आदेश निशाणी 24 वर आहे, तहसीलदारांची सही तलाठ्याने ओळखली आहे, घटनेचं गावही आदेशात आहे. म्हणजे कर्तव्याचा मुद्दा जवळपास गेला. 186 साठी तक्रार नाही. ओळख परेड झालेली नाही.

पण एक घोटाळा आहे. दुखापत प्रमाणपत्र, निशाणी 31, त्यावर समासात बचाव पक्षाच्या वकिलांनी 'मान्य' लिहून सही केली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 294 खाली (समोरच्याच्या कागदाचा खरेपणा मान्य करणं). डॉक्टरांची साक्ष त्यानंतरची, जेमतेम एक पान. मग 333 चा मुद्दा संपला का?

उलटतपास:
संपला नाही, पण अरुंद झाला. 294 खाली मान्य झालेला कागद सिद्ध न करता वाचता येतो. दुखापत प्रमाणपत्रासारख्या कागदांना ते लागू होतं, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा जुना निर्णय आहे. म्हणजे 'डॉक्टरांनी शाबीत केलं नाही' हे आता म्हणता येत नाही.

म्हणता येतं ते एवढंच, की जे मान्य झालं ते कागदात लिहिलं आहे तितकंच मान्य झालं. निशाणी 31 मधला दुखापतीच्या स्वरूपाचा रकाना जसाच्या तसा उतरवून घ्या. तिथे 'जबर, अस्थिभंग' असं निःसंदिग्ध असेल तर 333 वर वेळ घालवू नका. 'संशय' किंवा 'अहवाल आल्यावर मत देऊ' असं असेल, तर मान्य झाला तो संशय. पुढचं मत अभिलेखावर आहे का ते पाहा. आणि 313 च्या जबाबात (पुराव्याबद्दल न्यायालय आरोपीला प्रश्न विचारून घेतं तो) अस्थिभंगाबद्दल प्रश्न विचारला होता का, हेही पाहा. विचारला नसेल तर कारण घ्या, मात्र त्यामुळे आरोपीचं नुकसान काय झालं ते त्याच परिच्छेदात लिहा. नुसती त्रुटी दाखवून भागत नाही.

सरकार प्लेट आणायला 391 चा (अपिलात जादा पुरावा घेण्याचा) अर्ज करू शकतं, ते लक्षात ठेवा. पण पोकळी भरायला तो अर्ज सहसा मंजूर होत नाही.

बारनंतर:
शिक्षेवर कोणी बोललं नाही, आणि अशा अपिलांत बहुतेक वेळा हाती लागतं ते तिथेच.

सापळा असा. 333 चं 332 करून घेतलं की शिक्षा आपोआप कमी होईल, असं धरून चालू नका. महाराष्ट्राने 2018 मध्ये 332 आणि 353 दोन्हींची कमाल शिक्षा 5 वर्षं केली आणि खटला सत्र न्यायालयाकडे नेला. 307 आणि 333 मुळे तुमचा खटला तसाही सत्रातच जाणार होता. घटना 2019 ची, दुरुस्ती लागू. म्हणजे कलम उतरूनही तीच 5 वर्षं कायद्यात बसतात. (मारहाण या दुरुस्तीच्या आधीची असती तर वाढीव शिक्षा देता आली नसती, राज्यघटनेचं अनुच्छेद 20(1). जुन्या खटल्यांत ही चूक सापडते, तारीख तपासत जा.) म्हणून कलम उतरवण्याची आणि शिक्षा कमी करण्याची, अशा दोन वेगळ्या विनंत्या करा आणि दोन्हींना वेगळी कारणं द्या.

दुसरं, एकाच फटक्याच्या एकाच जखमेसाठी 332 आणि 333 दोन्हीखाली शिक्षा कशी? 332 ची शिक्षा कोतवालाच्या खरचटण्याबद्दल आहे असं सरकार म्हणेल. दोषारोप काढून वाचा. 332 च्या शीर्षाखाली कोतवालाचं नाव नसेल, नुसतं 'फिर्यादीस' असेल, तर ती शिक्षा 333 मध्ये विरघळते. शिक्षा एकत्रच भोगायच्या असल्याने दिवस कमी होत नाहीत, पण दोषसिद्धी एकाने घटते.

गावात बसून तलाठ्याशी तडजोड करून आणायचा सल्ला कोणी ना कोणी देणारच. 353 आणि 333 मध्ये तडजोडीने खटला संपत नाही. 'मी माफ केलं' असं जखमी तलाठ्याचं वैयक्तिक पत्र शिक्षेच्या विचारात फार तर एक ओळ मिळवतं, आणि त्याच्यावर दबाव टाकल्याचं दिसलं तर स्थगितीच धोक्यात येते. त्यापेक्षा जखमीला नुकसानभरपाई देण्याची तयारी दाखवणं आणि रक्कम न्यायालयात भरणं हा सरळ मार्ग. परिवीक्षेची (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची) विनंती तांत्रिकदृष्ट्या करता येते, कारण 333 ला जन्मठेप नाही. पण लोकसेवकाचं हाड मोडल्याच्या प्रकरणात ती फार कमी वेळा ऐकली जाते. केलीच तर फक्त आरोपी 3 साठी करा.

त्याच आरोपी 3 चा शाळा सोडल्याचा दाखला मागवा. घटनेच्या दिवशी तो 18 च्या आत असेल तर तो मुद्दा अपिलातही पहिल्यांदा काढता येतो.

आरोपींपैकी कोणी ग्रामपंचायत सदस्य आहे का? सहा महिने किंवा अधिक शिक्षा झाली की अपात्रता येते, आणि सुटकेनंतर पाच वर्षं राहते. नुसती शिक्षा स्थगित झाल्याने ती टळत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. त्यासाठी वेगळी विनंती, आणि न दिल्यास होणारं न भरून येणारं नुकसान तपशिलात. अशी स्थगिती अपवादानेच मिळते, म्हणून पहिल्याच अर्जात ती घुसडून शिक्षा स्थगितीचं सोपं काम अवघड करू नका.

सरकारतर्फे:
बारनंतर यांच्या मुद्द्याला एक जोड. आरोपींच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, पण सरकार शिक्षावाढीसाठी आणि 307 मधल्या निर्दोषत्वाविरुद्ध स्वतंत्र अपील करू शकतं. जखमी तलाठी स्वतःही निर्दोषत्वाविरुद्ध किंवा सौम्य कलमाखाली शिक्षा झाल्याविरुद्ध अपील करू शकतो, त्याला आधी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. नुसती शिक्षा कमी पडली म्हणून मात्र त्याला अपील नाही. तुमचं अपील दाखल करताना त्याच निकालाविरुद्ध दुसरं काही दाखल आहे का, ते रजिस्ट्रीत पाहून घ्या. असेल तर सगळी एकत्र सुनावणीला लागतील, आणि मग 307 वरही तयारी लागेल.

जोडपत्र:
निशाणी 31 चा रकाना पाहिला: 'अस्थिभंगाचा संशय, क्ष-किरण सल्ला.' पुढचं मत अभिलेखावर नाही. दोषारोपात 332 ला फक्त 'फिर्यादीस' आहे. 313 मध्ये अस्थिभंगाचा प्रश्नच नाही. आरोपी 3 चं वकीलपत्र वेगळं करून घेतो.